रंगवलेल्या कापडाची गोधडी

अथेन्स, ओहायो
२० मे

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार.

इथले लोक कापड आधी रंगवतात आणि मग मोजमाप न करता कापून गोधडी शिवतात, ते कसं, असं तू विचारलंस. या गावात गुरांच्या जुन्या गोठ्याच्या इमारतीत १९७९ पासून एक वर्षाआड क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे अशा गोधड्या पांघरायला नसतात, चित्रासारख्या भिंतीवर असतात. तुझा हात धावदोऱ्याला बसलेला आहे, त्यामुळे शिवणीचं सांगणं थोडकं, रंगाचं जास्त.

कापडावरचा बाटलीतला रंग धाग्यात मुरत नाही. त्यातला चिकट पदार्थ रंगाचे कण धाग्याला धरून ठेवतो. थर जाड झाला की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि सुई अडते. साडीवर फुलं रंगवताना लावतात तसा दाट रंग इथे चालत नाही. एक चमचा रंग, एक चमचा फॅब्रिक मीडियम (चिकटपणा न घालवता रंग पातळ करणारं बाटलीतलं द्रव) आणि अर्धा चमचा पाणी घे. नुसतं पाणी वाढवलंस तर तो चिकटपणा विरळ होतो आणि धुताना रंग निघून जातो. अजून पातळ हवा असेल तर मीडियम वाढव.

कापड पांढरं मांजरपाट घे, किंवा जुनं सुती. नवं असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून खळ पूर्ण काढ. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. लगेच शोषला गेला तर कापड तयार, मण्यासारखा वर राहिला तर पुन्हा धू. ही परीक्षा चुकवू नकोस, रंग डागाडागांनी बसण्याचं कारण बहुतेक वेळा राहिलेली खळच असते.

कोरड्या कापडावर ब्रशची कड स्वच्छ उमटते, ओल्यावर रंग पसरून एकमेकांत मिसळतात. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो चुरगळलेल्या कापडाचा प्रकार. ओलं कापड प्लॅस्टिकवर चुरगळून ठेव, वरून रंग लाव आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नकोस. उंचवट्यांवरचं पाणी आधी उडतं, खळग्यांतला ओला रंग तिकडे ओढला जातो, आणि सुरकुत्यांचं गडद जाळं तयार होतं. ओल्या रंगावर पान घट्ट चिकटवून उन्हात ठेवलंस तरी हेच घडतं: पानाखाली ओल टिकते, रंग बाहेरच्या वाळत्या भागाकडे जातो आणि पानाचा फिकट ठसा राहतो. यात उन्हाचं काम फक्त वाळवण्याचं. पान वाऱ्यानं उचललं गेलं तर ठसा पुसट येतो, म्हणून कडांवर बारीक खडे ठेव. जाडं मीठ भुरभुरलंस तर त्याभोवती चांदण्यांसारखे ठिपके पडतात.

एका तुकड्यावर दोन-तीनच रंग घे. निळा, पिवळा आणि गुलाबी तिन्ही एकत्र फिरवले की चिखल होतो. ओला रंग वाळल्यावर फिकट दिसतो, तेवढं धरून चाल.

चोवीस तास वाळू दे. मग उलट्या बाजूनं, सुती कापडाच्या खुणेवर, वाफ बंद करून इस्त्री कर. प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं, पण इस्त्री हलती ठेव. पुढचे चार दिवस पाणी लावू नकोस.

कापणीत पट्टी लागत नाही. दोन तुकडे, दोन्ही सुलटे, एकावर एक दोन इंच चढवून ठेव आणि दोन्हींतून एकच हलकं वळण काप. वरच्याची आणि खालच्याची उरलेली चिंधी काढून टाकलीस की कडा एकमेकींना जुळतात. सुलट बाजू समोरासमोर ठेवून पाव इंचावर शिव. वळण खोल घेतलंस तर चुण्या पडतात. तिरप्या कडा ताणल्या जातात आणि मधोमध फुगवटा येतो, म्हणून ते चार दिवस उलटल्यावर, कापण्याआधी हलकी खळ दे. निम्मं कापड साधं एकरंगी ठेव, सगळंच रंगवलेलं असलं तर डोळा कुठे थांबत नाही.

रंगाच्या थरात सुईचं भोक कायम राहतं, साध्या सुतासारखं मिटत नाही. टाका उसवायची वेळ येईल असं शिवू नकोस, टाचण्याही शिवणीच्या मायेतच, म्हणजे शिवणीबाहेरच्या पाव इंचातच लाव. मशीनला १४ नंबरची सुई आणि तीन मिलिमीटरचा टाका ठेव. दोरा वारंवार तुटला तर आधी सुई पाहा. तिला रंग चिकटला असेल तर स्पिरिटनं पूस. हातानं धावदोरा घालायचा असेल तर आत जुन्या सुती साडीचे दोनच थर घाल आणि रंगाचे दाट भाग टाळून फिकट भागांतून टाके ने.

पाकिटात रंगवलेले तीन तुकडे आहेत: एक चुरगळलेला, एक मिठाचा, एक मुद्दाम दाट रंगाचा. तिन्हींतून सुई घालून बघ आणि फरक कळव.

तुझी भाची