बादली कोण बदलणार?

सातारा

प्रिय नंदे,

दादाची चिमी दहावीला ८७ टक्के घेऊन पास झाली, हे वहिनीने तुला कळवलं असेलच. त्यापुढचं तिने कळवलेलं नसणार, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणारही नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, हातातली कामं आटपून वाच.

आमच्याकडे सगळे ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे, ह्यांचा गुडघा आहे तसाच.

निकालानंतर चिमी माझ्याकडे राहायला आली होती. रोहनने लॅपटॉपवर एक इटालियन सिनेमा लावून दिला, 'ले मेराविल्ये'. २०१४ साली कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं होतं. आपल्यासारख्याच मधमाश्या पाळणाऱ्या घराची गोष्ट, एवढंच ऐकून आम्ही दोघी बसलो. इटलीतलं आडबाजूचं खेडं, पडकं घर, चार मुली, त्यांची आई आणि तिकडे येऊन राहिलेला जर्मन बाप. वोल्फगांग त्याचं नाव. शेजाऱ्यांच्या फवारणीवरून भांडणारा, मुलींवर सतत खेकसणारा, आणि अंगणात लोखंडी खाट टाकून झोपणारा. नंदे, मला थेट आबाच दिसले गं. तोच आवाज, तीच घाई.

दिग्दर्शिका अलीचे रोरवाकर. तिचे वडीलही जर्मन आणि मधपाळच, तीही खेड्यात वाढलेली. सिनेमातली आई म्हणजे तिची सख्खी बहीण आल्बा. म्हणूनच त्यात एकही काम देखाव्याचं वाटत नाही. त्यांची माशी वेगळी, आपल्या सातेरीपेक्षा मोठी आणि मधाला कितीतरी जास्त. पण पोळ्याची चौकट धरायची रीत तीच, पोरींचे चिकट हात तेच, आणि घरात कुणालाच रिकामं बसू न देणारा तो धाकही तोच.

थोरली जेल्सोमिना, चिमीपेक्षा जरा लहान. सगळा कारभार तिच्यावर. मध काढायच्या यंत्राखाली बादली ठेवलेली असते. ती भरत आली की बदलायची, नाहीतर मध जमिनीवर. दिवसभर त्या घरात एकच प्रश्न, बादली कोण बदलणार? एकदा धाकट्या बहिणीचा हात यंत्रात सापडतो, सगळी धावपळ उडते आणि बादली तशीच राहते. तिथे चिमी मोठ्याने ओरडली, "अगं, बादली!" रोहन हसला. मला हसू आलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती खरोखर घाबरली होती, बहिणीच्या हातापेक्षाही त्या बादलीसाठी. सोळावं सरायच्या आधी पोरीच्या डोक्यात हे बसलंय.

आता मुख्य गोष्ट. त्या घरी पैशासाठी एक जर्मन मुलगा ठेवून घेतात. सुधारगृहाच्या कुठल्याशा योजनेतला, तोंडातून शब्द न काढणारा, फक्त शीळ घालणारा. पुढे बाप घरातले पैसे घालून काय आणतो माहीत आहे? उंट. जेल्सोमिना लहान असताना तिला उंट हवा होता म्हणून. अंगणात उंट उभा आहे, बापाच्या तोंडावर आनंद मावत नाही, आणि ती पोरगी त्याच्याकडे नुसती बघते आहे. तिला आता उंट नको आहे. तिला काय हवंय हे त्याने विचारलेलंच नाही.

परवा दादा चिमीला न्यायला आला, तो टेम्पोत सायकल घालून. गुलाबी, पुढे जाळीची टोपली, हँडलला झिरमिळ्या. तिसरीत असताना तिने ज्या सायकलीसाठी दोन दिवस तोंड फुगवलं होतं, तश्शीच. तुला आठवतंय, तेव्हा तूच त्याला म्हणाली होतीस, घेऊन दे रे, पोरगी जेवत नाही. तेव्हा पैसे नव्हते. आता मध जरा बरा विकला गेला तर त्याने आधी ती आणली. सीट तिला बुटकी होते. चिमीने त्याच्या गळ्यात हात टाकले, "छान आहे बाबा" म्हणाली, आणि आत येऊन ओट्यापाशी पाणी पीत उभी राहिली, बराच वेळ.

मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी भडभडूनही आलं. त्याचं प्रेम कमी नाही, कधीच नव्हतं. पण कामाच्या वेळी ती त्याला थोरली वाटते आणि द्यायच्या वेळी लहान. मधली चिमी, जिला साताऱ्यात राहून अकरावी सायन्स करायचंय, ती त्याला दिसतच नाही. मी विषय काढला तर म्हणाला, "आणि मधाच्या पेट्या काय हवेवर चालतात व्हय?"

आता त्याची बाजूही ऐक, कारण ती खोटी नाही. त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं दिवाळीनंतर. चौकट उन्हाकडे धरून पोळ्यातल्या घरांच्या तळाशी माशीची अंडी आहेत की नाहीत हे त्याला आता दिसत नाही. कणाएवढं पांढरं अंडं, तीन दिवसांत त्याची अळी होते. राणी माशी अंडी घालतेय का नुसतीच बसलीय, हे त्यावरूनच कळणार. ते चिमी बघते आणि सांगते. पावसाळ्यात साखरेचा पाक कुठल्या पेटीला किती द्यायचा, मेणकिडा कुठे लागलाय, सगळं तिच्या नजरेवर. ती त्याचे डोळे आहे, नंदे. ती गेली तर आबांपासून चालत आलेलं हे दोन वर्षांत बसेल, अशी भीती त्याला रात्री झोपू देत नाही. वहिनी सांगत होती.

आणि चिमीला ते काम नावडतं असंही नाही! तसं असतं तर मी तिला सरळ ठेवूनच घेतलं असतं. आबांच्या पाठीतले काटे आपण नखाने खरवडून काढायचो, तसे ती दादाचे काढते, आणि काढताना त्याला रागवते. देवळामागच्या जांभळीवर यंदा माश्यांचा घोस बसला तर एकटी चढून खोक्यात उतरवून आली. (त्या जांभळीवरून आठवलं. तू अजून सगळ्यांना सांगत फिरतेस की त्या वर्षी फांदी मी हलवली. तूच हलवलीस. मी खाली पोतं धरून उभी होते आणि सुजलेलं तोंड माझं होतं. हे मी मरेपर्यंत सोडणार नाही.)

सिनेमात टीव्हीवाले येतात, अस्सल परंपरा जपणाऱ्या कुटुंबांची स्पर्धा घ्यायला. मोनिका बेलुच्ची सूत्रसंचालिका, पांढरे केस लावून देवीसारखी नटलेली. जेल्सोमिना बापाला न सांगता नाव देते. मग तळ्यातल्या बेटावरच्या गुहेत या शेतकऱ्यांना प्राचीन एट्रस्कन लोकांसारखे कपडे चढवून उभं करतात. बापाला बोलायला लावतात तर त्याला धड शब्द सुचत नाहीत. आणि पोरगी काय करते? तो मुलगा शीळ घालतो आणि तिच्या तोंडातून माशी बाहेर येते, गालावर चालत जाते. ती अजिबात हलत नाही.

इथे चिमी मला म्हणाली, "आत्या, आमच्याकडेपण असंच केलं होतं." २०२२ मध्ये महाबळेश्वरकडचं मांघर 'मधाचं गाव' जाहीर झालं, तेव्हापासून आपल्या बाजूलाही कॅमेरेवाले फिरकतात, हे तुला माहीत आहे. तसेच एकजण आले आणि तिला नऊवारी नेसवून, नथ घालून, सुवासिक पावडर फासून पेटी उघडायला लावली. उग्र वासाने माश्या चवताळतात हे शेंबडं पोरही जाणतं. तिने आधी ओढ्यावर जाऊन तोंड धुतलं, मग झाकण उचललं. ते चिडले. आणि दादा? दादा त्यांची बाजू घेऊन तिला म्हणाला, "घे ना जरा लावून." हे तिने मला आत्ता सांगितलं, इतक्या महिन्यांनी. तिला माश्या चावल्याचं दुःख नाही, बाबा असं म्हणाले याचं आहे.

सिनेमा संपल्यावर ती काहीच बोलली नाही. रात्री अंथरुणात विचारलं, "मी इथे आले तर बाबा सगळ्या पेट्या विकतील का गं?" मला उत्तर देता आलं नाही. खोटं सांगणं जमलं नाही आणि खरं माहीत नव्हतं.

बरं, तुझं. नागपूरची बदली रद्द झाली का? मिहिरचं ठरलं म्हणे, खूप आनंद झाला, मुलगी फोटोत गोड दिसते. मानाची साडी देणार असशील तर निळी नको. सासूबाईंना नमस्कार.

आता काम सांगते. अकरावीच्या अर्जाची मुदत जवळ आली आहे. दादा माझं ऐकत नाही, मी धाकटी. आई बोलली की भांडण होतं. तुझं तो ऐकतो, आणि का ऐकतो ते आपण दोघी जाणतो, त्यावर मी काही लिहीत नाही. रविवारी दुपारी जेवणानंतर त्याला फोन कर, वहिनी तेव्हा रानात असते. सायकलीबद्दल अवाक्षर काढू नकोस, फार हौसेने आणली आहे त्याने. पेट्यांचंच बोल. खालच्या वाडीतला गुरवाचा मुलगा बारावी करून घरी बसलाय, नजर तीक्ष्ण आहे, चिमीने त्याला पावसाळाभर शिकवलं तर पगारावर राहील, मी त्याच्या आईशी बोलले आहे. पहिल्या वर्षाचा पगार मी आणि हे मिळून देऊ. हे मी सुचवलं असं दादाला सांगू नकोस, तुझ्या डोक्यातलं म्हणून सांग. आणि शेवटी एकच कर, चिमीला काय हवंय हे तू तिला विचारलंस का, असं त्याला विचार. तू विचारलंस तर तो फोन आपटणार नाही.

तुझी,
सुमी