जर्मनीला निघताना आधी पत्ता पक्का करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै-ऑगस्ट आला की सांगली, मिरज, तासगाव, विटा भागातून एमएससाठी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींच्या अभिनंदनाच्या बातम्या आपल्या पानांवर दिसू लागतात. एपीएसचा (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा) दाखला, बँकेचे कर्ज, ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारे खाते), व्हिसा, एवढे होईपर्यंत घरच्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. विमानात बसवले की सुटलो, असे वाटते. कन्सल्टन्सीचे कामही बहुधा तिथेच संपते. पण पहिल्या तीन महिन्यांत मुले अडकतात ती अभ्यासात कमी आणि पत्त्याच्या कागदात जास्त. त्याची तयारी इथूनच करावी लागते, म्हणून हे पत्र.

जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. पासपोर्ट आणि भाडेकरार दाखवून ती होत नाही. हा माणूस माझ्याकडे अमुक तारखेपासून राहतो, असे घरमालकाने सही करून दिलेला एक पानी फॉर्म लागतो. त्याचे नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. नाव जिभेवर बसत नसेल तर कागदावर लिहून ठेवावे, पण विसरू नये. नोंद नसेल तर टॅक्स नंबर येत नाही आणि अनेक बँका खाते उघडत नाहीत. चालू खाते नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे सुटत नाहीत. निवास परवान्याचा अर्जही त्याच नोंदीवर अडतो.

त्यामुळे खोली ठरवताना भाड्याच्या आधी ‘आनमेल्डुंग करता येईल का?’ हे विचारावे आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यावे. पोटभाड्याच्या स्वस्त खोल्यांच्या जाहिरातीत ‘काइने आनमेल्डुंग’ असे लिहिलेले असते. म्हणजे नोंद करू देणार नाही. अशी खोली कितीही स्वस्त असली तरी नवख्या विद्यार्थ्याच्या कामाची नाही. विद्यार्थी-वसतिगृहांची प्रतीक्षा यादी मोठ्या शहरांत काही महिन्यांची असते, तेव्हा अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी करावा. मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल, असे कोणी सांगितले तर ती फसवणूक आहे असेच समजावे. खोली आधीपासून तिथे असलेल्या कोणा सीनियरने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. नोंदणीची अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत मिळेलच असे नाही. पत्ता ठरताच ती ऑनलाइन घ्यावी आणि आलेला ईमेल जपून ठेवावा, म्हणजे उशीर झाला तरी वेळेत अर्ज केल्याचा पुरावा राहतो.

आता टपालपेटीकडे वळू, कारण इथे हमखास घोळ होतो. तिथल्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचे नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव दिसले नाही तर पत्र परत जाते. बँकेचा पिन, टॅक्स नंबर, विम्याचे कार्ड सगळे टपालाने येते. खोलीत पाऊल टाकले की त्याच दिवशी आपले आडनाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच पेटीवर आणि बेलवर चिकटवावे, मग ती साधी कागदाची चिठ्ठी असली तरी चालेल. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टमध्ये ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचे व वडिलांचे नाव एकत्र असते. तिथला कारकून ही दोन्ही नावे विद्यार्थ्याचीच धरतो. प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहावे, ‘फक्त आडनाव व नाव’ असा शॉर्टकट घेऊ नये. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना कोरा असेल तर निघण्याआधीच दुरुस्ती करून घ्यावी.

पैशाचा हिशेब असा. सध्याच्या नियमाप्रमाणे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो. त्यातून आरोग्यविम्याला सुमारे १५० गेले की ८४० च्या आसपास उरतात. भाडे, जेवण, फोन सगळे त्यातच. शिवाय घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’इतके, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून जे भाडे उरते त्याच्या तिप्पट असू शकते, आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे बहुतेकांना माहीत नसते. ब्लॉक्ड अकाउंट सुरू होईपर्यंतचे काही आठवडे आणि हे डिपॉझिट मिळून निदान दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर वेगळे हवेत. ‘पार्टटाइम करून भागवू’ हा हिशेब पहिल्या सहा महिन्यांसाठी तरी धरू नये. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे, पण जर्मन न येणाऱ्याला काम मिळायला वेळ लागतो. कोर्स इंग्रजीत असला तरी कार्यालयाच्या खिडकीपलीकडचा माणूस बहुधा जर्मनच बोलतो. जर्मन भाषेची निदान ए-टू (रोजच्या साध्या बोलण्यापुरती) पातळी इथूनच करून जावी.

विम्याबाबत एकच सांगणे: तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याने सरकारी विमाच घ्यावा. स्वस्त म्हणून खासगीकडे गेल्यास शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत येता येत नाही. मोठ्यांना चष्म्याचा खर्च विम्यातून सहसा मिळत नाही, म्हणून दोन चष्मे इथूनच न्यावेत. दातांचे कामही उरकून घ्यावे.

परीक्षेचेही वेगळेच आहे. वर्गात बसला म्हणजे परीक्षेला बसला असे होत नाही. ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर प्रत्येक विषयाची वेगळी नोंद करावी लागते. इंटर्नलचे आणि सबमिशनचे गुण हाताशी असतीलच असे नाही. बऱ्याच विषयांत सगळे एका पेपरवर ठरते. १.० सर्वांत चांगला, ४.० ला पास, ५.० नापास. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसरी हुकली तर प्रवेशच रद्द होतो.

सामानाबद्दल आयांना विशेष विनंती. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे आणि घरचे तूप विमानतळावर कचऱ्यात जाते. ताजा कढीपत्ताही चालत नाही. आपली हळद, मसाला, शेंगदाण्याची चटणी, भडंग खुशाल द्या. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र देऊ नका. अनेक ठिकाणी इंडक्शन शेगडी असते आणि त्यावर तो तापतच नाही. तळाला लोहचुंबक घट्ट चिकटतो तो स्टीलचा कुकर चालतो, दुकानातच चुंबक लावून पाहा. खोलीत धुराचा अलार्म असतो, म्हणून फोडणी एक्झॉस्ट लावून आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवून करावी.

नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत जड जातो. बर्लिनला डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. झोप बिघडते, मूल फोन उचलेनासे होते, आणि घरी वाटते की ते बदलले. हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा असतो. तिथे रात्री आठला ते मोकळे होते तेव्हा सांगलीत साडेबारा वाजलेले असतात. रोज जागत बसण्यापेक्षा रविवारी दुपारी अडीचची वेळ ठरवावी. तिथे तेव्हा सकाळचे दहा असतात आणि दुकाने बंद असल्याने मूल खोलीवरच असते. विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्रे असतात, तिथे सांगितलेले गुप्त राहते. तातडीला ११२, आणि रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे दोन नंबर घरच्यांनीही लिहून ठेवावेत.

बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते. आपल्या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सत्काराच्या कार्यक्रमालाच जोडून दोन तास काढावेत, तिथे शिकत असलेल्या माजी विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉलवर घ्यावे आणि घरमालकाचा तो एक पानी फॉर्म मुलांकडून एकदा भरून घ्यावा.

आपले,
जर्मनीत शिकून परतलेले काही विद्यार्थी व पालक,
विश्रामबाग, सांगली