सांगलीला न आल्याबद्दल

चिमणपुरा पेठ, सातारा
१४ नोव्हेंबर

प्रिय मन्या,

भाऊबीजेच्या दिवशी तू फोनवर म्हणालास, "सांगलीत घर मी शोधायचं, ब्रोकर मी गाठायचा, आणि साहेब उतरणार साताऱ्यात!" एवढं बोलून फोन वहिनींच्या हातात दिलास. त्यांनी बिचाऱ्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि विषय मिटवला. तुझा राग मात्र मिटलेला नाही, हे मला कळतं. चाळीस वर्षं तुला ओळखतो लेका. फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून हे पत्र. लांबेल, चहा घेऊन बस.

पुण्यातल्या धायरीतून का निघालो, ते तुला अर्धंच ठाऊक आहे. भाडं २२ हजारांवर गेलं, हे तू ऐकलंस. दुसरं कारण माझ्या धंद्याचं. मी घरी बसून पुस्तकं वाचतो, ती रेकॉर्ड होतात आणि लोक कानात घालून ऐकतात. पैसे मिळतात ते तयार तासाचे. म्हणजे चुका, खोकला, हॉर्न सगळं कापून जो स्वच्छ एक तास उरतो, त्याचे. तो एक तास काढायला धायरीत मला पाच तास बसावं लागायचं. पहाटे सहाला टँकर यायचा, तो मागे घेताना गाणं वाजायचं. आठ वाजता समोरच्या इमारतीत फरशी कापायचं मशीन सुरू. दुपारी वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग ओढायचं (रोज कसला पलंग ओढतात, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही). रात्री बाराला वाचायला बसलो तर कुत्री. कपाटात रजया टांगून त्यात तोंड घालून वाचलं, तरी तो टँकर रजईतून आत यायचा. तेव्हा भाडं २२ हजार नव्हतंच रे. माझे जे तास वाया जात होते, ते त्यात धर, मग खरा आकडा निघतो.

घर सोडताना मालकांनी रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधले १५ हजार कापून घेतले. भिंतीवरचे डाग आम्ही राहायला जाण्याआधीचे होते, फोटोही होते. जाऊ दे. तो राग मी खंबाटकी घाटात टाकून आलो.

फेब्रुवारी ते मे आम्ही गावं पाहत फिरलो. आई मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर डबा. पहिलं वाई. वाईत शिरलो आणि अंजली म्हणाली, "बास, हेच." गणपती आळीत एक जुनं घर होतं, माडीवरून घाट दिसायचा. ढोल्या गणपतीच्या मागची ती माशासारखी निमुळती भिंत, पुराचं पाणी फाकवण्यासाठी बांधलेली, आईने पहिल्यांदाच नीट पाहिली. विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात आहे, तिथे पुस्तकं वाचून पोट भरायचं, ही कल्पनाही मला फार गोड वाटली. पण वाईला रेल्वे नाही, आणि पाचगणी डोक्यावर असल्याने घरमालकांचा हिशेब वेगळा. "सुट्टीत पाहुण्यांना दिलं तर दोन दिवसांत एवढं सुटतं," असं एकाने मला तोंडावर सांगितलं. शिवाय आठवड्यातून एक दिवस मला पुण्याला स्टुडिओत जावं लागतं, तेव्हा सुरूर फाट्यावर उभं राहून बसला हात करायचं वय आता उरलेलं नाही.

कराडला प्रीतिसंगमावर संध्याकाळ मजेत गेली. घरं मात्र विद्यार्थ्यांच्या हिशेबाने मागत होते, माणशी एवढे आणि खाटेमागे तेवढे. फलटण स्वस्त होतं, पण एप्रिलात दुपारी दोनला आम्ही तिथे होतो, यावर जास्त काही लिहीत नाही.

आता सांगली. विश्रामबागेतला तो फ्लॅट चांगला होता, हे मान्य. भाडंही वाजवी होतं. पुराचं पाणी तिथवर येत नाही, हे तू तीनदा सांगितलंस. पण मन्या, ऑगस्ट २०१९ मध्ये गावभागात तुझ्या घरातून आपण दोघांनी कपाट जिन्यावरून वर नेलं होतं, आठवतं? मधल्या पायरीवर ते अडकलं आणि खाली पाणी उंबऱ्याशी आलेलं. तू कपाट सोडून देव्हारा आणायला पळालास आणि अख्खं कपाट माझ्या छातीवर. आयर्विन पुलाखाली ४५ फुटांना धोका म्हणतात, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा तेच. तुम्ही लोक भिंतीवरची पुराची रेघ पोरांची उंची मोजल्यासारखी दाखवता. त्या हिमतीला माझा नमस्कार. मला ती जमणार नाही, आणि आईला तर नाहीच. दुसरं म्हणजे, सांगलीहून पुण्याला आठवड्याला जायचं तर दोन दिवस मोडतात. साताऱ्याहून सकाळी विनाथांबा गाडीने निघून रात्री जेवायला घरी येतो. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. अंजलीला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेली आई फुकट. घरात पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच, त्यावरून रोज टोमणे खातो.

साताऱ्यातही आधी चुकीच्या जागी हिंडलो. सगळे सांगत होते शाहूपुरी बघा, गोडोली बघा, विसावा नाक्याकडे नवीन इमारती झाल्यात. पाहिल्या. सोबत फरशी कापायचं मशीनही पाहिलं. जिथे नवीन बांधकाम, तिथे ते असणारच. मग राजवाड्याजवळ एका म्हाताऱ्या शिंप्याने, माझ्या पॅन्टची चेन बदलता बदलता सांगितलं, "पोरं सगळी नाक्याकडं गेली राहायला. वर पेठंत बघा की. घरं मोकळी पडल्यात." समर्थ मंदिराकडे चढत गेलो आणि चिमणपुऱ्यात हे घर मिळालं. वरचा मजला, तीन खोल्या, पुढे ओटा, मागे पेरूचं झाड. भाडं ९ हजार, डिपॉझिट ३०.

मालकीणबाई खाली राहतात. आम्ही काकू म्हणतो. त्यांना करार वगैरे नको होता. "तुम्ही काय पळून जाणार आहे का?" मीच हट्ट धरला. धायरीचा अनुभव ताजा होता. १९९९ च्या भाडे कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची, हे सांगितल्यावर त्या घाबरल्या. म्हणाल्या, "अगंबाई, मग एवढी वर्षं?" अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी फी एक हजार, मुद्रांक शुल्क तीनशेच्या आसपास. दोघांत निम्मं निम्मं केलं. अंगठा यंत्रावर उमटेना म्हणून काकूंनी चार वेळा बोट पदराला पुसलं. तुझ्या भाच्याला सांग, हा एवढा खर्च वाचवू नकोस. आणि राहायला जायच्या दिवशीच भिंतींचा व्हिडिओ काढून मालकालाही पाठव.

राहायला आलो जूनच्या पहिल्या आठवड्यात. यापेक्षा मोठा मूर्खपणा नाही. माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीवर पत्रा आहे. तो उन्हाळ्यात पाहिला तेव्हा नुसता पत्रा होता, मृगात तो ताशा झाला. साताऱ्याचा पाऊस शहराच्या पश्चिमेकडे वाढत जातो, आणि आम्ही पश्चिमेच्या टोकाला. जुलैत सलग अकरा दिवस मी एक ओळ वाचू शकलो नाही. शांतता शोधत आलेला माणूस खिडकीत बसून पत्र्याचा आवाज ऐकतोय आणि अंजली काही न बोलता भजी तळतेय. तिचं न बोलणं पत्र्यापेक्षा मोठ्याने वाजत होतं. शेवटी काकूंच्या सल्ल्याने पत्र्यावर पोती आणि उसाचं पाचट अंथरलं, वर ताडपत्री, आणि आतून पाच वाकळा टांगल्या. आता मध्यम पावसात काम होतं. मोठ्या पावसात अजूनही नाही.

त्या अकरा दिवसांत तुझी फार आठवण आली. कृष्णा इथे माहुलीला वेण्णेला घेते, पुढे कराडला कोयना तिच्यात येते, आणि मग ती तुझ्याकडे पोचते. आमच्या पत्र्यावर जे वाजतं, तेच पुढे तुमच्या पुलावर फुटांत मोजतात. मी रोज संध्याकाळी पुलाची पातळी बघत होतो. तुला फोन केला नाही, कारण तू म्हणाला असतास, "अजून चौतीसच आहे, उगाच शकुन करू नकोस."

इथे आवाज नाहीत असं समजू नकोस. पहाटे पाण्याचा तास. कासचा तलाव वर डोंगरात, त्यामुळे पाणी उतारानेच येतं. नळाला आलं की सगळ्या गल्लीत कळश्या बोलायला लागतात. मग काकड्याची घंटा. साडेनऊला शाळेची पोरं, दुपारी एखादा भंगारवाला. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरून मोर ओरडतो. एका गंभीर कादंबरीत नायिकेच्या मृत्यूच्या पानावर तो इतका अचूक ओरडला की मी रेकॉर्डिंग थांबवून हसत बसलो. श्रावण संपता संपता ढोलांचा सराव, आणि सप्टेंबरात शनिवार-रविवारी कासच्या फुलांना जाणाऱ्या गाड्यांची रांग, समर्थ मंदिरापासून इथल्या गावाजवळच्या बोगद्यापर्यंत. २०१२ मध्ये पठार जागतिक वारसा झालं, त्याचा हॉर्न आमच्या खिडकीत वाजतो. पण या प्रत्येक आवाजाला वेळ आहे रे. साडेदहा ते साडेबारा आणि अडीच ते पाच माझे. ढोल सातला सुरू होणार म्हणजे सातलाच, तोवर माझं झालेलं असतं. धायरीत आवाजाला वेळच नव्हती, तो कधीही कुठूनही यायचा. आता माझा तयार तास अडीच तासांत निघतो. ९ हजार भाड्यापेक्षा हा अडीचचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, अंजलीला मात्र ९ हजारच.

आईचं सांगतो. उतार हा इथला शत्रू आहे. मंडईत जाताना माणूस पळत जातो आणि येताना पिशवीसकट देवाला आठवतो. तिच्या गुडघ्यांना हे मानवणार नाही, हे मी घर घेताना धरलंच नव्हतं, आणि त्याबद्दल मला अजून चुटपुट लागते. दवाखान्याला रिक्षा दारात बोलवावी लागते, वरचं भाडं द्यावं लागतं. पण ती ओट्यावर बसते. धायरीत चौथ्या मजल्यावर तिला तीन वर्षांत तीन माणसं ओळखत नव्हती. इथे पंधरा दिवसांत तिला गल्लीतली दोन लग्नं, एक भांडण आणि एका पोराचं दहावीचं गणित ठाऊक झालं. माझ्याबद्दल गल्लीत काय समज झाला होता, तो तिनेच वर येऊन सांगितला. मी रोज ठरल्या वेळी दार लावून खणखणीत आवाजात वाचतो, म्हणजे मी अनुष्ठानाला बसलोय. पलीकडच्या आजींनी काकूंना विचारलं होतं, "कसलं पारायण चाललंय?" त्या वेळी चाललं होतं ते एक खूनप्रकरण. खरं सांगितल्यावर आजी जराही खट्टू झाल्या नाहीत. आता दर गुरुवारी पाच वाजता त्यांना त्यांची पोथी वाचून दाखवायची, असं ठरलंय. डोळे अधू झालेत, अक्षर दिसत नाही. पैसे नाहीत यात, पण पाचला वाटीभर काहीतरी येतं. गेल्या गुरुवारी घावन होतं.

भांडणाचंही सांगतो, नाहीतर म्हणशील सगळं गोडच लिहितोय. इंटरनेट दिवसाला एकदा मरतं. वीज पावसात जाते. माकडं किल्ल्यावरून येऊन पेरू संपवतात, एकदा माझा माईकवरचा फोम पळवला. आणि कोण आलं, कोण गेलं, भाजी कितीला आणली, याचा हिशेब गल्ली ठेवते. अंजलीला पहिले दोन महिने याचा फार त्रास झाला. आता ती भाव स्वतःच ओरडून सांगते, म्हणजे कुणी विचारत नाही.

तर हे असं आहे. डिसेंबरात ये, वहिनींना घेऊन. पाऊस नसतो, फुलंही नसतात, त्यामुळे रांगही नसते. कोयना एक्सप्रेसने ये. स्टेशन गावाबाहेर आहे, उतरल्यावर रिक्षावाला जे सांगेल ते ऐकू नकोस, मी येतो न्यायला. येताना भडंग आण, दोन किलो तरी, एक किलो काकूंनी आत्ताच बुक केलंय. आणि आईसाठी हळद, घरची दळलेली. दुपारी साडेबारापर्यंत पोचलात तर जिन्यात जोराने बोलू नका, खिडकीला लाल फडकं बांधलेलं असेल तर मी आत वाचत असेन. गल्लीतल्या पोरांनाही ते फडकं आता कळतं.

तुझा,
दिनू

ता. क. २०१९ चं ते कपाट तुझ्याकडे अजून माडीवरच आहे का? वहिनी म्हणाल्या ते विकायचंय. विकू नकोस, मला रेकॉर्डिंगसाठी हवंय. जाड सागवान आहे. छातीवर घेतलं होतं, मला माहीत आहे.