बाटलीवरची चिठ्ठी

प्रिय बंड्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक आहे, पाठ मधूनमधून धरते, बस. काल रात्री जे झालं ते इथे कुणाला सांगितलं तर "मग पुन्हा मोज" म्हणतील. त्यात दुखतं कुठे, ते तुलाच कळेल.

ते औषध आठवतंय ना, ज्याने डीएनए मऊ पडतो म्हणून मी तुला फोनवर ओरडून सांगितलं होतं? मात्रा वाढवावी तशी पर्सिस्टन्स लेंथ, म्हणजे दोरा किती ताठ ते सांगणारी लांबी, खाली. आलेख इतका देखणा की सरांनी तो दोनदा पडद्यावर लावायला सांगितला. पण ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा स्टॉक, म्हणजे मूळचं दाट द्रावण, डीएमएसओ या द्रावकात. म्हणजे औषधाबरोबर डीएमएसओही वाढत होता, शेवटच्या बिंदूला 10 टक्के. आणि तुलनेसाठीचा माझा कंट्रोल म्हणजे नुसतं बफरचं पाणी, डीएमएसओ नाहीच! काल औषध न घालता फक्त डीएमएसओ सोडला. डीएनए तरीही मऊ. त्या देखण्या उताराचा बराचसा भाग औषधाचा नव्हताच.

तुझी चिठ्ठी अजून डीएमएसओच्या बाटलीवर आहे: "हा निरुपद्रवी नाही." त्या दिवशी पाऊण तास भांडलो होतो. मी म्हटलं, पीसीआरमध्ये, डीएनएच्या प्रती काढताना, लोक 5 ते 10 टक्के सर्रास घालतात. तू म्हणालास, अरे, डीएनएच्या दोन धाग्यांतल्या जोड्या सैल होतात म्हणूनच घालतात, दर टक्क्याला ते धागे सुटण्याचं, म्हणजे वितळण्याचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरतं! मी ऐकलं नाही. तुझं बरोबर होतं. लेखी देतोय, फ्रेम करून लाव.

आधी वाटलं, मोजण्यातच घोळ आहे. डीएमएसओने द्रव दाट होतो, डीएनएच्या टोकाचा बीड, म्हणजे चुंबकी मणी, सुस्त डोलतो, आणि मॅग्नेटिक ट्वीझर्समध्ये चुंबकाने तो ओढताना लागणारा फोर्स तर आपण त्याच्या डोलण्यावरूनच काढतो. पण दाटपणाने डोलणं मंदावतं, त्याचा पसारा बदलत नाही. नोंद पुरेशी लांब हवी, एवढंच. म्हणून प्रत्येक फोर्सला चौपट वेळ कॅमेरा चालवला. पहाटेचे चार वाजले. फरक तसाच, थोडासा, पण प्रत्येक रेणूत खालच्याच बाजूला. पर्सिस्टन्स लेंथ 50 नॅनोमीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास बेस-पेअर, हा आकडा आपण पाढ्यासारखा म्हणत आलो. सॉल्ट कमी केलं की डीएनएवरचे ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना जास्त ढकलतात आणि दोरा ताठ होतो, हेही आपणच मोजलं. इथेनॉल खूप वाढवलं तर डीएनए नेहमीचं बी-रूप सोडून ए-रूप घेतो, हेही माहीत. मग भोवतालचं पाणी बदलूनही तो तसाच राहील, असं मी कशावरून धरलं?

आणि आपलं जुनं भांडणही मिटत नाही, बघ. ताठरपणा विद्युतभाराचा की स्टॅकिंगचा, म्हणजे बेस एकावर एक रचले जाण्याचा? द्रवाचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युतभारांची ओढ झाकण्याची ताकद, उतरला तर आयन फॉस्फेटला जास्त चिकटतात, ढकलाढकली कमी होते. ही माझी बाजू. बेसची रास सैल होते, ही तुझी. दोन्हींनी दोरा मऊच! एवढ्याशा डीएमएसओत परावैद्युतांक फारसा उतरत नाही, हे मात्र तुझ्या पारड्यात. मला सुचतंय ते असं: 1 मोलर सॉल्टमध्ये तेच मोजावं. तिथे ढकलाढकली जवळजवळ झाकलेली असते. तरीही तेवढाच मऊ पडला, तर मी हरलो. हरायलाही आवडेल मला, खरंच. निदान काहीतरी कळेल.

झोप मात्र वेगळ्याच गोष्टीने उडालीये. ज्युनिअरने माझाच कंट्रोल धरून सहा महिने मोजलंय. माझ्यावर विश्वास ठेवला तिने. तिला उद्या सांगायचंय, सरांच्या आधी. मी चारदा वाक्य जुळवलं, चारही वेळा त्यात "आपण" येतं. "आपण" नाही, मी. चूक माझी आहे, आणि तिचं सगळं परत मोजायला मी तिच्याबरोबर बसणार आहे, हे तिला पहिल्याच वाक्यात कळायला हवं.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? नवी नोकरी कशी आहे? लेक चालायला लागली असेल, फोटो पाठव.

1 मोलरचं आधी की तिचे नमुने आधी, तेवढं लगेच कळव. बीड एकाच वेळेला पुरतील इतकेच उरलेत.

तुझाच,
गोट्या