लेकीस पत्र : हा मोसम तरी क्रीडापान सोडू नकोस

सांगली

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. जानेवारीपासून क्रीडापान सोडून संसदेच्या वार्तांकनाकडे येतेस का, असे तुमच्या विद्यार्थी वृत्तपत्राच्या संपादकांनी तुला विचारले आहे आणि तुझे मन होकाराकडे झुकलेले दिसते. ओटावा ही कॅनडाची राजधानी, तुझ्या कार्ल्टन विद्यापीठापासून संसद फार दूर नाही, आणि तिथे पत्रकारिता १९४५पासून शिकवली जात असल्यामुळे तिथून संसदेच्या वार्ताहर कक्षात गेलेल्यांची परंपराही मोठी आहे. वर्गातील मुले मंत्र्यांच्या मागे मायक्रोफोन घेऊन धावत असताना आपण व्यायामशाळेच्या बाकावर बसून कुणी किती रिबाउंड घेतले ते टिपतो, याचा तुला कमीपणा वाटू लागला आहे, हे तू लिहिले नाहीस तरी मला कळले. तू माझे मत विचारले आहेस म्हणून स्पष्ट सांगते. निदान मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत ही जागा सोडू नकोस.

संसदेत तू गेली नाहीस तरी तिथे वार्ताहरांची वानवा पडणार नाही. मोठ्या दैनिकांची, दूरचित्रवाणीची आणि वृत्तसंस्थांची माणसे तिथे दिवसभर असतात. तुमच्या महिला बास्केटबॉल संघाच्या नोव्हेंबरातील एखाद्या शुक्रवारच्या सामन्याला मात्र तू गेली नाहीस, तर बहुधा कुणीच जाणार नाही. विद्यापीठाचा क्रीडा विभाग त्या रात्री चार परिच्छेद प्रसिद्ध करील हे खरे, पण ती बातमी घरच्यांनी घरच्यांसाठी लिहिलेली असते. कॅनडात विद्यापीठीय खेळांच्या बातम्या पूर्वी स्थानिक वृत्तपत्रांतून नियमित येत, पण ती वृत्तपत्रेच उरलेली नाहीत. २०१७च्या नोव्हेंबरात दोन मोठ्या वृत्तपत्र कंपन्यांनी आपसांत ४१ वृत्तपत्रांची अदलाबदल केली आणि त्यांतील बहुतेक बंद करून टाकली. २०२३मध्ये तुमच्या ओंटारिओ प्रांतातील सत्तरहून अधिक साप्ताहिकांच्या छापील आवृत्त्या एका दिवसात थांबल्या. जिथे गावचे वृत्तपत्र संपले, तिथल्या विद्यापीठ संघाची नोंद आता विद्यार्थी वार्ताहराच्या वहीत होते किंवा कुठेच होत नाही.

ही नोंद न होणे म्हणजे काय, ते मी खेळाडू म्हणून सोसले आहे. शिवाजी विद्यापीठाकडून आम्ही आंतरविद्यापीठ खो-खोला गेलो तेव्हा आमच्या विजयाची बातमी दोन ओळींत आली आणि त्या ओळींत एकाही मुलीचे नाव नव्हते. खो-खोच्या बातमीत कुणी किती वेळ पळती केली आणि कुणी किती गडी टिपले एवढे दिले, की वाचणाऱ्याला सामना दिसतो. त्या दिवशी आमच्या संघातली शेवटची मुलगी खुंटाभोवती ज्या चपळाईने गडी हुकवत राहिली, त्याला आज माझ्या आठवणीखेरीज पुरावा नाही. पुढे मी स्वतः उपसंपादक झाले आणि रात्री फोनवरून तालुक्यांचे निकाल घेऊ लागले, तेव्हा गुणतक्ता पूर्ण आल्याशिवाय मी फोन ठेवू देत नसे. वार्ताहर कंटाळत, पण मुलींची नावे आडनावांसह छापून येत.

तुझ्या बातम्यांत मला हेच अधिक हवे आहे. गेल्या महिन्यातील बातमीत तू सर्वाधिक गुण करणारीवर तीन परिच्छेद लिहिलेस, ते चांगलेच होते. पण सामन्याचे संख्यापत्रक तू मला पाठवले होतेस, त्यात एक वेगळी मुलगी दिसते. तिने फक्त चार गुण केले, पण ती मैदानात असताना संघ प्रतिस्पर्ध्याहून सतरा गुणांनी पुढे गेला, आणि बातमीत तिचे नावही नाही. मध्यंतरात हाती येणारा तो कागद घडी घालून खिशात ठेवण्यासाठी नसतो. त्यातील प्रत्येक रकाना वाच, जो आकडा तुला अनपेक्षित वाटेल त्याच्याभोवती खूण कर, आणि सामन्यानंतर प्रशिक्षकांना पहिला प्रश्न त्याच आकड्यावरून विचार. "कसे वाटते आहे?" या प्रश्नाला जगातील सर्व प्रशिक्षक एकच उत्तर देतात. "तिसऱ्या सत्रात तुम्ही हिला बाहेर का बसवलेत?" याला मात्र त्यांना विचार करून बोलावे लागते.

तुला ज्या विद्यापीठाचे वार्तांकन मिळाले आहे, ते या दृष्टीने अवघडही आहे. कार्ल्टनच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २००३मध्ये पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि २०२३पर्यंत त्यांची संख्या १७ झाली. २०११ ते २०१७ अशी तर ओळीने सात. डेव्ह स्मार्ट प्रशिक्षक असताना २००३ ते २००६ या काळात हा संघ सलग ८७ सामने हरला नाही. २०२३मध्ये पुरुष आणि महिला दोन्ही संघ विजेते ठरले, आणि महिलांनी २०२४मध्ये पुन्हा करंडक राखला. अशा संघाबद्दल लिहिताना विजय ही बातमीच राहत नाही. न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या हॉकी (तिकडची, बर्फावरची) संघाने २०२३-२४मध्ये ४३ पैकी ४३ सामने जिंकले, त्या मोसमात तिथल्या फ्रेडरिक्टन शहरातील विद्यार्थी वार्ताहराला दर आठवड्याला नवे काय लिहावे हा प्रश्न पडला असेलच. उलट टोकाला टोरोंटो विद्यापीठाचा फुटबॉल (आपला नव्हे, हातात चेंडू घेऊन धावण्याचा तिकडचा) संघ २००१पासून सलग ४९ सामने हरला आणि १ सप्टेंबर २००८ रोजी वॉटर्लू विद्यापीठाविरुद्ध १८-१७ असा अवघ्या एका गुणाने जिंकून त्या मालिकेतून सुटला. त्या सात वर्षांत जी मुले त्या संघात आली, खेळली आणि एकही विजय न पाहता पदवी घेऊन गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे किती असेल, याचा विचार कर. मला विचारशील तर चांगल्या क्रीडा वार्ताहराची परीक्षा हरणाऱ्या संघाजवळच होते.

संसदेच्या बातमीत जे गांभीर्य तू शोधते आहेस, ते तुझ्या आजच्या कामातही आहे. २०१०मध्ये वॉटर्लूच्या एका फुटबॉल खेळाडूला उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात अटक झाली, विद्यापीठाने संपूर्ण संघाची चाचणी करवली, नऊ जणांची प्रकरणे बाहेर आली आणि त्या वर्षीचा पूर्ण मोसम रद्द झाला. ज्यांनी कशालाच हात लावला नव्हता, अशा मुलांचेही खेळायचे वर्ष त्यात गेले. २००५मध्ये मॅगिल विद्यापीठाने नवख्या खेळाडूंच्या छळाच्या तक्रारीनंतर फुटबॉलचे उरलेले सामने रद्द केले. सडबरीतील लॉरेन्शियन विद्यापीठ आर्थिक संकटात सापडले, तेव्हा तिथले जलतरण आणि हॉकीचे संघ बंद झाले. अशा वेळी शेजारच्या बाकावर बसणारा खेळाडू, त्याचा प्रशिक्षक, त्याला शिष्यवृत्ती देणारा विभाग आणि निर्णय घेणारे कुलगुरू या सर्वांना प्रश्न विचारायचे असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच आवारात त्यांच्यासमोर वावरायचेही असते. मंत्र्याला प्रश्न विचारून वार्ताहर आपल्या घरी जातो, तुला ती सोय नाही. म्हणून क्रीडा विभागाने दिलेली संघाची टोपी घालून वार्ताहरांच्या जागेवर बसू नकोस. संघाच्या बसमधून परगावी जाण्याचा प्रस्ताव आला तर भाडे तुमच्या वृत्तपत्राने भरले पाहिजे असे संपादकांना सांग, आणि बातमीत संघाचा उल्लेख "आपण" असा कधीही करू नकोस. मैत्रिणी संघात असतील तर असू देत, त्यांच्या सामन्याची बातमी दुसऱ्या कुणाला दे.

हे स्वातंत्र्य तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्रांना सहजासहजी मिळालेले नाही आणि ते कायमचे गृहीतही धरता येत नाही. २०१९मध्ये ओंटारिओच्या प्रांतिक सरकारने विद्यार्थ्यांना काही शुल्के न भरण्याची मुभा दिली, त्यात विद्यार्थी वृत्तपत्रांचे शुल्कही आले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तुझ्या बातमीचा छपाईखर्च सहाध्यायांच्या शुल्कातून येतो, म्हणून तुझी बांधिलकी त्या वाचणाऱ्या मुलांशी आहे.

तुमच्या आणि ओटावा विद्यापीठाच्या फुटबॉल संघांत दरवर्षी होणाऱ्या पांडा सामन्याचे थेट प्रक्षेपण मी पाहिले. तिकडे दुपारचा एक म्हणजे इकडे रात्रीचे साडेदहा, त्यामुळे बाबा पहिल्या सत्रातच झोपले. बारा खेळाडू, तीनच प्रयत्न, ११० यार्डांचे मैदान आणि चेंडू गोलक्षेत्रात नुसता मारून मिळणारा तो एक गुण, हे सारे आता मला समजू लागले आहे. एरवी काही शे प्रेक्षकांसमोर खेळणारी ही मुले त्या एका दिवशी भरलेल्या स्टेडियममध्ये उतरतात, त्यांच्या चेहऱ्यांवरचा ताण पडद्यावरही दिसत होता. १९५५मध्ये या सामन्याची कल्पना ओटावा विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात काम करणाऱ्या एका मुलाने काढली, हे कळल्यापासून मला त्याचे अधिकच अप्रूप वाटते. तुझी बातमी मात्र मला अपुरी वाटली. प्रेक्षकांचा जल्लोष, रंगवलेले चेहरे आणि विजेत्याला मिळणारा पेड्रो नावाचा तो पांडा यांतच अर्धी जागा गेली. १९८७मध्ये याच सामन्यात कठडा कोसळून सुमारे तीस जण जखमी झाले होते. गर्दीबद्दलच लिहायचे होते, तर आज बंदोबस्त कसा असतो, विद्यार्थ्यांच्या बाजूला प्रवेशद्वारे किती असतात, हे विचारायला हवे होते.

"हे खेळाडू पुढे कुठे जाणार आहेत, की मी त्यांच्यावर एवढे लिहू?" असे तू मागे एकदा म्हणाली होतीस. बहुतेक जण शिक्षक, अभियंते, परिचारिका होतील आणि तेही लिहिण्याजोगेच आहे, कारण तिथे शिष्यवृत्ती साधारणपणे शिक्षणशुल्कापुरतीच मिळते आणि पहाटेचा सराव आटोपून ही मुले तुझ्याच वर्गात येऊन बसतात. पण काही जण पुढेही जातात. लोरां डुव्हर्ने-टार्डिफ मॅगिलमध्ये वैद्यकशास्त्र शिकत फुटबॉल खेळत होता. २०१४मध्ये त्याला अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघाने निवडले, फेब्रुवारी २०२०मध्ये त्याने सुपर बोल हा तिथला अंतिम सामना जिंकला, आणि महासाथ आल्यावर तो वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला लागला व पुढचा मोसम त्याने सोडला. हॉकीपटू हेली विकेनहायझर ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवल्यानंतर कॅल्गरी विद्यापीठाकडून खेळली आणि २०१२मध्ये तिने त्या संघासह राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. अशा खेळाडूंची विद्यापीठातील वर्षे नंतर कुणी शोधू लागला, तर त्याला विद्यार्थी वृत्तपत्रांचे जुने अंकच उघडावे लागतात.

आता एक काम सुचवते. त्यासाठी तरी हा मोसम तू मैदानावर हवीस. कॅनडातील सर्वोच्च दर्जाच्या कनिष्ठगट हॉकीत, म्हणजे सीएचएल (कॅनेडियन हॉकी लीग) मध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन विद्यापीठांच्या संघांचे दार पूर्वी बंद होते. त्यामुळे व्यावसायिक करार न मिळालेले उत्तम खेळाडू सीएचएलने दिलेल्या शिक्षणखर्चावर कॅनडातील विद्यापीठांत येत, आणि तिथल्या हॉकीचा दर्जा त्यांच्यावरच उभा होता. ऑगस्ट २०२५पासून ते दार उघडले आहे. आता ही मुले दक्षिणेला जाऊ लागली, तर तुमच्या विद्यापीठाच्या हॉकी संघात पुढच्या तीन वर्षांत कोण खेळेल, प्रशिक्षक मुले कुठून आणतील, शिष्यवृत्तीची मर्यादा बदलेल का, आणि एखादे लहान विद्यापीठ संघच बंद करील का, हे प्रश्न मला सांगलीत बसून पडतात, तर तिथल्या वाचकांना नक्कीच पडत असतील. आधी संघाच्या याद्या मिळव. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक खेळाडू कुठून आला ते एका तक्त्यात मांड, मग प्रशिक्षकांची वेळ घे, आणि शिष्यवृत्तीचे आकडे क्रीडा विभागाकडे तोंडी न मागता लेखी माग. नकार आला तर नकारही लेखी घे आणि बातमीत नोंदव. शेजारच्या ओटावा विद्यापीठातील वार्ताहराशी बोलून दोन्ही संघांचे तक्ते एकत्र करता आले तर उत्तमच. हे लेखन झाल्यावरही तुला संसदेकडे जावेसे वाटले तर मी अडवणार नाही.

मैदानावर थंडीत पेनची शाई गोठते असे तू म्हणाली होतीस, म्हणून बाबांनी पेन्सिलींचा गठ्ठा बांधून ठेवला आहे. शेजारच्या काकू डिसेंबरात टोरोंटोला मुलाकडे जात आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. हॉकीच्या तक्त्याचा कच्चा खर्डा तयार झाला की मला पाठव, नावे आणि वर्षे मी ताडून पाहीन.

तुझी,
आई