गाडी उठेना म्हणून लगेच बॅटरी बदलू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पाऊस लागला की कोकणात जुन्या ट्रकवाल्यांचं रोज सकाळी एकच रडगाणं, गाडी उठत नाही, आणि गॅरेजवाला न बघताच सांगतो शेठ बॅटरी गेली. अहो डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, त्यामुळे पेट्रोलसारखा ओलाव्याने स्पार्क जायचा प्रश्नच नाही, पण 24 व्होल्टच्या सेल्फला करंट भरपूर लागतो आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरली किंवा चासीवरची अर्थिंगची पट्टी गंजली की सेल्फ नुसता टक् करून गप्प. मीटर असेल तर सेल्फ मारताना एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर लोचा अर्थिंगचाच समजा. गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा, वरून ग्रीस.

सेल्फ जोरात फिरतोय तरी इंजिन पकडत नाही, तर मग डिझेल बघा. टाकी रिकामी ठेवली की आतून घाम धरतो आणि पाणी तळाला बसतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते काढा, नंतर डिझेल चढवायचा छोटा हँडपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल लाइनमधली एअर काढा.

आणि एअर फिल्टरपाशी बोळा पेटवून गाडी उठवायचे धंदे बंद करा राव, गाडीसकट जाल!

तुमच्या पेपरात पावसाळ्यात बाईक-कारच्या टिप्स येतात, ट्रकवाल्यांसाठीपण चार ओळी छापा की.

– एक ट्रकमालक, कणकवली