रुंद चित्रपटाची चौकोनी डीव्हीडी पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'स्लीपिंग ब्यूटी' या चित्रपटाची जाहिरातीत दाखवलेली आवृत्ती न देता दुसरीच डीव्हीडी पाठवल्याबद्दल.

महोदय / महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मी वरील चित्रपटाची डीव्हीडी मागवली. किंमत 1,299 रुपये, डिलिव्हरीचे 60 वेगळे. पानावर लिहिलं होतं, '2008 सालची रिस्टोअर केलेली आवृत्ती, चित्राचं प्रमाण 2.55:1', म्हणजे उंचीच्या अडीचपटीहून जास्त रुंद चित्र. ते वाचूनच मी पैसे भरले. घरी आली ती जुनी, 1.33:1 प्रमाणाची, म्हणजे चौकोनी टीव्हीच्या काळातली डीव्हीडी. खोक्यावर 'फुल स्क्रीन' असं छापलेलंही आहे, पण बरोब्बर त्याच शब्दांवर तुमच्या गोदामातलं किमतीचं लेबल चिकटवलं होतं. चहाच्या भांड्याची वाफ देऊन ते सोडवलं, तेव्हा खालचं वाचता आलं. लेबल मुद्दाम तिथे लावलं की कामगाराच्या हाताला ती जागा सोयीची होती, हे मी सांगू शकत नाही. पण खोक्याची बाकी सगळी पाठ मोकळी होती.

तुमच्या फोनवरच्या ताईंशी तीनदा बोललो. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "सर, रीजनचा प्रॉब्लेम असेल," म्हणजे ही डिस्क दुसऱ्या देशांच्या प्लेयरसाठी असेल. नाही. माझा प्लेयर सगळ्या रीजनच्या डिस्क चालवतो, आणि ही डिस्क चालतेय व्यवस्थित. चौकोनी पडदा भरावा म्हणून बाजू कापल्यात, त्यामुळे चित्रच अर्धं आहे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "सर, फुल स्क्रीन म्हणजे चांगलंच ना, काळ्या पट्ट्या येत नाहीत." ताईंचा दोष नाही, त्यांच्यासमोरच्या कागदावर तसं लिहिलेलं असणार. म्हणून टेप घेऊन मोजलं. माझा टीव्ही 43 इंची आहे, पडदा 95 सेंटिमीटर रुंद. चित्र भरतं 71 सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या उभ्या आहेत. म्हणजे पट्ट्याही आल्या आणि चित्रही गेलं. तिसऱ्यांदा 'झूम करून पाहा' असा सल्ला मिळाला. केलं. चित्र आडवं ताणलं गेलं आणि राजपुत्राचा घोडा म्हशीसारखा दिसायला लागला.

मी हे इतकं मोजत का बसलो, तेही सांगतो. सोलापुरात एका थिएटरच्या केबिनमध्ये मी 31 वर्षं ऑपरेटर होतो. स्कोपच्या, म्हणजे रुंद चित्र फिल्मवर आडवं दाबून बसवलेल्या प्रिंटला चुकून साधी लेन्स राहिली की पडद्यावरची माणसं काडीसारखी उंच दिसतात आणि खालून ऑपरेटरच्या आई-बहिणीचा उद्धार सुरू होतो. तो मी दोनदा ऐकलाय. दोन्ही वेळा चूक माझी होती आणि दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात लेन्स बदलली. तुमच्याकडे लेन्स बदलायला सतरा दिवस झाले, अजून कोणी केबिनमध्येच गेलेलं नाही.

दुसरा एखादा कार्टूनपट असता तर कदाचित गप्प बसलो असतो. पण हा चित्रपट रुंदीसाठीच काढलेला आहे. डिस्नेच्या कलाकारांनी त्यावर सहा वर्षं घालवली, 60 लाख डॉलर लावले, आणि 29 जानेवारी 1959 ला तो प्रदर्शित झाला. चित्रण टेक्निरामा पद्धतीचं. त्यात 35 एमएमची फिल्म उभी न धावता आडवी धावते आणि एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चारऐवजी आठ छिद्रांची जागा मिळते. फ्रेम एवढी मोठी, म्हणून त्यावरून 70 एमएमच्या प्रिंटा काढता आल्या. आयविंड अर्ल या चित्रकारानं त्याची पार्श्वचित्रं रंगवली. चौकोनी छाटल्यासारखी झाडं, सरळसोट खोडं, आणि लांबच्या झाडाचं पानही जवळच्या पानाइतकंच रेखीव. जुन्या युरोपातल्या हस्तलिखितांमधल्या चित्रांसारखं ते दिसतं. अशा चित्रात नजर डावीकडून उजवीकडे फिरायला जागा लागते.

आता हिशेब पाहा. 2.55 रुंदीतलं 1.33 ठेवलं की शंभरातला बावन्न भाग उरतो. तुम्ही मला किंमत शंभराची लावलीत.

शिवाय उरलेला भागही स्थिर नसतो. चित्र कापणारा माणूस आपली चौकट मूळ चित्रावर इकडून तिकडे सरकवतो, त्यामुळे कॅमेरा जिथे हललाच नव्हता तिथेही तो हलल्यासारखा वाटतो. सुरुवातीला किल्ल्याकडे निघालेली मिरवणूक आहे. झेंडे, घोडेस्वार, गावकरी, सगळा पडदा भरून. तुमच्या डिस्कवर ती खिडकीतून वरात बघावी तशी दिसते.

आणि ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो तो प्रसंग. माझी सहा वर्षांची नात सुट्टीला आली आहे. बंगळूरला मुलाकडे आम्ही दोघांनी हा चित्रपट पूर्ण रुंदीत पाहिला होता. त्यातल्या तीन पऱ्यांना ती गुलाबी आजी, हिरवी आजी आणि निळी आजी म्हणते. जंगलातल्या झोपडीत राजकन्येच्या वाढदिवसाचा झगा गुलाबी करायचा की निळा, यावरून गुलाबी आणि निळ्या आजीची जुंपते. ही छडी फिरवते, झगा गुलाबी. ती फिरवते, निळा. सगळी गंमत दोघी एकाच चित्रात दिसण्यात आहे. इथे एकीच्या छडीतून ठिणग्या निघतात आणि चौकटीच्या कडेला जाऊन विझतात. नातीनं विचारलं, "आजोबा, निळी आजी कुठे गेली? ही कुणाशी भांडतेय?" मी टीव्ही बंद केला आणि वीज गेली म्हणून सांगितलं. वर पंखा फिरत होता.

एक गोष्ट स्पष्ट करतो. चित्रपट काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. 1986 साली हा चित्रपट पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा टीव्ही चौकोनीच होते, लोकांना पडदा भरलेला हवा असायचा, म्हणून चित्र कापलं जायचं. पुढे 2008 साली, पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं, त्यांनी ते 2.55:1 या पूर्ण रुंदीत दिलंही. मला तीच आवृत्ती हवी होती आणि तुमच्या पानावर तीच होती. चूक तुमच्या गोदामाची आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आता डिस्क कोण घेतं, नेटवर बघा." बघतो की. पण कपाटातली डिस्क माझी असते, तिला महिन्याचं भाडं लागत नाही.

"सील तोडलंय, आता परत घेता येणार नाही," असं तुमचं शेवटचं उत्तर आलं. सील न तोडता आत कोणती आवृत्ती आहे हे कसं कळणार? कळायची एकच जागा होती, ती तुम्ही लेबलानं झाकली होती. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायला सांगितलं आहे. माझ्या पहिल्या तक्रारीची पोच अजून आलेली नाही.

तेव्हा, खात्री करून 2.55:1 ची आवृत्ती पाठवा आणि ही डिस्क तुमच्या खर्चानं घेऊन जा. ती आवृत्ती तुमच्याकडे नसेल तर तसं सरळ सांगा आणि डिलिव्हरीसह 1,359 रुपये माझ्या खात्यात परत करा. कूपन नको, वॉलेट नको. संकेतस्थळावरचं वर्णनही दुरुस्त करा, नाहीतर पुढचा माणूस फसेल. नात महिनाअखेर परत जाते आहे, त्याआधी झालं तर बरं. मुदतीत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर, सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट, लेबल काढण्याआधीचा आणि नंतरचा खोक्याचा फोटो, टेप लावून काढलेला टीव्हीचा फोटो.

ता. क. : टेपच्या फोटोत कोपऱ्यात छोटा हात दिसतो तो नातीचा आहे. टेपचं दुसरं टोक तिनं धरलं होतं.